गैरहजेरीचा हिशेब

वैरागच्या एका शिक्षिकेने परवा आपली कृतिसंशोधनाची वही दाखवली. विषय : बाजाराच्या दिवशी मुले का गळतात? ‘पालकांवर खापर फोडायला बसले होते, साहेब,’ त्या म्हणाल्या, ‘पण दोष माझ्याच टाचणात निघाला. त्या दिवशी मी नुसती उजळणी घ्यायचे.’ बँकेत रोजकीर्द जुळेना की आम्हीही आधी आपल्याच नोंदी तपासत असू.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू केले. वस्तीवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ या शब्दामागे अशी गैरहजेरी आहे!

वैरागच्या बाईंनी आता बाजाराच्या दिवशी गोष्टीचा तास ठेवला आहे. पाच मुले परतली. तिघे अजून आईच्या भाजीपाशीच बसतात.