लिनक्सच्या गाभ्यात दुसरी भाषा

अँड्रॉइड फोन असो, बँकेचा सर्व्हर असो किंवा हवामानाचे भाकीत करणारा महासंगणक, या सगळ्यांच्या तळाशी बहुधा एकच सॉफ्टवेअर चाललेले असते : लिनक्सचे कर्नेल, म्हणजे यंत्र आणि बाकीचे सगळे प्रोग्रॅम यांच्यामधला गाभा. जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालतात. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात आज तीन कोटींहून अधिक ओळींचा कोड आहे, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीला जगभरातल्या हजाराहून अधिक जणांचा हात लागतो. हा कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो.

या कोडची भाषा तीस वर्षे जवळजवळ एकच होती : डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवलेली ‘सी’. सी प्लस प्लसचा प्रयोग सुरुवातीच्या वर्षांत झाला आणि सोडून देण्यात आला. मग डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ या आवृत्तीत ‘रस्ट’ या दुसऱ्या भाषेला प्रवेश मिळाला, तोही ‘प्रयोग’ या अटीवर. त्यानंतरच्या तीन वर्षांत जी भांडणे झाली, त्यांत भाषेपेक्षा माणसांचा प्रश्न मोठा होता.

आधी मूळ दुखणे पाहू. प्रोग्रॅम चालताना तो स्मृतीतली जागा मागून घेतो, वापरतो आणि परत करतो. सी भाषेत हा हिशेब सर्वस्वी प्रोग्रॅमरने ठेवायचा असतो. भाड्याची खोली सोडताना कोणी डुप्लिकेट चावी खिशात ठेवली आणि महिन्याभराने, तिथे दुसरे बिऱ्हाड आल्यावर, सवयीने कुलूप उघडून आत शिरला, तर जे होईल तेच इथे होते. परत केलेल्या जागेला प्रोग्रॅमचा दुसरा एखादा भाग हात लावतो. कधी यंत्र बंद पडते, तर कधी हल्लेखोराला दार उघडे मिळते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले की, त्यांच्या उत्पादनांतल्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीच्या अशाच चुकांतून आलेल्या असतात.

ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये स्वतःपुरती सुरू केलेली, पुढे मोझिलाने वाढवलेली आणि २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघालेली रस्ट नेमके हेच थांबवते. प्रत्येक वस्तूला मालक एकच. इतरांना ती उसनी मिळते. एका वेळी अनेकांनी वाचावी किंवा एकानेच बदलावी. हा नियम मोडणारा प्रोग्रॅम कम्पायलर तयारच होऊ देत नाही, म्हणजे चूक चालण्याआधीच अडते. अँड्रॉइडमध्ये नवा कोड रस्टसारख्या सुरक्षित भाषांत लिहिण्याचे धोरण ठेवल्यावर स्मृतीसंबंधी त्रुटींचे प्रमाण २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले, असे गूगलने जाहीर केले.

मग विरोध कशासाठी? कर्नेलमध्ये शेकडो विभाग आहेत आणि प्रत्येकाचे राखणदार ठरलेले आहेत. एका विभागाचा कोड दुसऱ्याने कसा वापरावा, याचे असंख्य नियम आहेत. पण त्यांतले कितीतरी कुठेच लिहिलेले नाहीत. ते राखणदारांच्या डोक्यात असतात. मे २०२४ मध्ये फाइल-व्यवस्थेच्या तज्ज्ञांच्या परिषदेत रस्टच्या बाजूने वेड्सन आल्मेडा फिल्हो यांनी एक साधे उदाहरण मांडले. फाइलची नोंद मागणारे एक फंक्शन कधी आधीची तयार नोंद देते, कधी नवी कोरी. कोरी असेल तर ती भरून, कुलूप काढूनच पुढे जायचे. सीमध्ये हे लक्षात ठेवावे लागते. रस्टमध्ये हे दोन वेगळे प्रकार करता येतात, म्हणजे विसरणे शक्यच होत नाही.

पण नियम असा भाषेत बसवायचा तर आधी तो नेमका काय आहे हे कोणीतरी सांगायला हवे, आणि उद्या सीमधला कोड बदलला की रस्टमधला नियमही बदलायला हवा. कर्नेलची रीत अशी की, जो आतली रचना बदलतो त्यानेच ती वापरणारा सगळा कोड दुरुस्त करायचा. वीस वर्षे सी लिहिणाऱ्या राखणदाराने ही दुरुस्ती न येणाऱ्या भाषेत करायची का? सगळ्यांना रस्ट शिकायला लावू नका, हा त्या सभागृहातला सूर त्यातून आला. हे काम आम्ही करू, असे रस्टवाले म्हणत होते; पण पाच वर्षांनी तेच लोक इथे असतील का, ही राखणदारांची शंका निराधार नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये फिल्हो स्वतःच वादांना कंटाळून बाहेर पडले.

२०२५च्या सुरुवातीला ठिणगी पुन्हा पडली. उपकरणांना स्मृतीशी थेट जोडणाऱ्या विभागाचे राखणदार क्रिस्टोफ हेलविग यांनी, तो विभाग रस्टमधून वापरण्यासाठीच्या कोडला विरोध केला. दोन भाषांमुळे प्रकल्प सांभाळणे अवघड होईल, हा त्यांचा मुद्दा. तो कोड त्यांच्या विभागाबाहेर, वेगळ्या फोल्डरमध्ये राहणार होता. फेब्रुवारीत टोरवाल्ड्स यांनी निवाडा दिला : ज्याला रस्ट नको त्याने त्याकडे पाहू नये; पण मग आपला विभाग इतरांनी कसा वापरावा, हेही त्याने ठरवू नये. हेलविग यांनी त्या विभागाची जबाबदारी सोडली. रस्टच्या बाजूचेही काही जण याच काळात प्रकल्पापासून दूर झाले.

डिसेंबर २०२५ मध्ये टोकियोतल्या राखणदारांच्या बैठकीत ‘प्रयोग’ हा शिक्का काढण्यात आला. त्याच महिन्यात कर्नेलमधल्या रस्ट कोडला पहिला त्रुटी-क्रमांक मिळाला. अँड्रॉइडमधले प्रोग्रॅम ज्यातून एकमेकांशी बोलतात त्या ‘बाइंडर’मध्ये ही चूक होती. जिथे कम्पायलरची राखण पुरत नाही, तिथे रस्टमध्ये ‘अनसेफ’ असा चौकटीतला कोड लिहिता येतो, आणि हे सुरक्षित का आहे याचे कारण वर टिपून ठेवण्याची कर्नेलमध्ये रीत आहे. इथे ते लिहिलेले कारणच चुकीचे निघाले : एक नोंद एकाच यादीत असते हे गृहीत धरले होते, पण ती काही क्षण दुसऱ्या यादीत जात होती.

म्हणजे रस्टनेही माणसाची चूक टळली नाही. पण ते गृहीतक कोडशेजारीच लिहिलेले असल्यामुळे ते कुठे फसले, हे दाखवता आले. सीमध्ये तेच कोणाच्या तरी डोक्यात राहिले असते. कर्नेलमधला बहुतांश कोड आजही सीमध्येच आहे आणि अनेक वर्षे राहील. तो लिहिणारी पिढी पन्नाशीकडे झुकली आहे किंवा ती ओलांडून गेली आहे. त्यांना माहीत असलेले नियम ते असतानाच लिहून घेणे हे या दुसऱ्या भाषेने पुढे आणलेले काम आहे, आणि ते दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकत्र बसल्याशिवाय होणार नाही.