अल्पमुदतीचा प्रवास-व्हिसा आणि अफगाण नागरिक

पारपत्र आणि व्हिसा या दोहोंचे कार्य भिन्न आहे. पारपत्र हे नागरिकास त्याच्या स्वतःच्या राज्याने दिलेले ओळखपत्र होय. धारक कोण आहे हे त्यात सांगितलेले असते. तसेच प्रसंगी त्यास परत घेण्याची जबाबदारीही त्यात गर्भित असते. व्हिसा हा त्या ओळखीवर दुसऱ्या राज्याने ठेवलेला मर्यादित विश्वास होय. पहिल्या राज्याची पत नाहीशी झाली म्हणजे तिची भरपाई व्यक्तीला आपल्या कागदपत्रांनी करावी लागते. अफगाण नागरिकाचा व्हिसासाठीचा अर्ज हे याचे ठळक उदाहरण आहे. प्रस्तुत विवेचन युरोपातील शेंगेन प्रदेशाच्या अल्पमुदतीच्या व्हिसापुरते मर्यादित आहे.

शेंगेन हे लक्झेंबर्गमधील एक लहानसे गाव. तेथे १४ जून १९८५ रोजी झालेल्या कराराने परस्परांच्या सीमांवरील तपासणी रद्द करण्यास आरंभ झाला. आज या व्यवस्थेत २९ देश आहेत. व्हिसासंबंधीचे त्यांचे समान नियम २००९ साली संमत झालेल्या संहितेत ग्रथित असून ते ५ एप्रिल २०१० पासून अमलात आले. या व्हिसाने कोणत्याही १८० दिवसांच्या अवधीत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अफगाणिस्तान हे ज्या देशांच्या नागरिकांना व्हिसा अनिवार्य आहे त्यांच्या यादीत तर आहेच. शिवाय, ज्या बारा देशांच्या नागरिकांना शेंगेन विमानतळावर केवळ विमान बदलण्यासाठीही सामान्यतः व्हिसा लागतो, त्यांतही त्याचा समावेश आहे.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. हेरात येथील एका व्यापाऱ्यास हॅम्बुर्ग येथे पुतणीच्या विवाहासाठी तीन आठवडे जावयाचे आहे. नियम असा की, मुख्य मुक्काम ज्या देशात, त्या देशाच्या वकिलातीकडे अर्ज करावा. आणि तोही सामान्यतः अर्जदार जेथे कायदेशीरपणे राहतो तेथे. येथेच पहिली अडचण उभी राहते. ३१ मे २०१७ रोजी काबूलमधील जर्मन वकिलातीजवळ भीषण स्फोट झाला आणि तेथील व्हिसाचे काम बंद पडले. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूल ताब्यात घेतल्यानंतर पाश्चात्य वकिलातींचे कामकाजच तेथून उठले. तेव्हा या व्यापाऱ्यास शेजारच्या देशात, बहुधा पाकिस्तानात अथवा इराणात, जावे लागते. त्यासाठी त्या देशाचा व्हिसा प्रथम मिळवावा लागतो. म्हणजे एका व्हिसाच्या अर्जासाठी दुसरा व्हिसा. त्या देशात कायदेशीरपणे उपस्थित असलेल्या परंतु तेथील रहिवासी नसलेल्या माणसाचा अर्ज सयुक्तिक कारण दाखविल्यास घेता येतो, एवढी सवलत संहितेत आहे. पत्नी एकटी जाणार असेल तर आणखी एक अडसर येतो. ७२ किलोमीटरांहून दूर जाणाऱ्या स्त्रीबरोबर जवळचा पुरुष नातलग असला पाहिजे, असा आदेश तालिबानने डिसेंबर २०२१ मध्ये काढला.

अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांच्या आत आणि निदान पंधरा दिवस आधी करावयाचा असतो. पारपत्र गेल्या दहा वर्षांत दिलेले, परतीच्या नियोजित तारखेनंतर निदान तीन महिने वैध व दोन कोरी पाने असलेले हवे. बोटांचे ठसे घेतले जातात. वैद्यकीय खर्चासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो. जून २०२४ पासून शुल्क ९० युरो आहे. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. निर्णय सामान्यतः पंधरा दिवसांत द्यावयाचा असतो. अधिक चौकशी आवश्यक वाटल्यास ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढविता येते.

या सर्व कागदांतून चार गोष्टी सिद्ध करावयाच्या असतात: प्रवासाचा हेतू, राहण्याची सोय, खर्चाची ऐपत आणि मुदत संपण्यापूर्वी परतण्याचा इरादा. पहिल्या तिन्हींसाठी निमंत्रणपत्र, यजमानाने दिलेली खर्चाची हमी आणि बँकेचे उतारे उपयोगी पडतात. चौथी गोष्ट मात्र भविष्यकाळाविषयी आहे, आणि भविष्यकाळाचा दाखला कोणतीही कचेरी देत नाही. म्हणून दुकान, जमीन, मागे राहणारे कुटुंब आणि पूर्वी मिळालेल्या व्हिसाची पाळलेली मुदत यांवरून तिचे अनुमान केले जाते. एका इराणी नागरिकाच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने १९ डिसेंबर २०१३ रोजी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. संहितेत नमूद केलेल्या कारणांखेरीज अन्य कारणाने व्हिसा नाकारता येत नाही. परंतु परतण्याविषयी वाजवी शंका असल्यास नकारास तेवढे पुरेसे होते. अर्थात निश्चिती देण्याचा भार अर्जदारावर, आणि अधिकाऱ्यास शंका पुरेशी, असा हा तोल आहे.

अफगाण अर्जदाराचा पेच यातूनच निर्माण होतो. देशातील स्थिती जितकी बिकट, तितकी त्याच्या परतण्याविषयीची शंका बळावते. आपल्या जिवास धोका आहे असे त्याने सांगितले, तर तेच नकाराचे कारण ठरू शकते. आश्रय मागण्याच्या उद्देशाने बेरूत येथील बेल्जियन वकिलातीत अर्ज करणाऱ्या एका सीरियन कुटुंबाच्या प्रकरणी ७ मार्च २०१७ रोजी न्यायालयाने असा निर्णय दिला की, अशा अर्जास ही संहिता लागूच होत नाही. तो प्रश्न त्या त्या देशाच्या कायद्याचा आहे. परिणामी अल्पमुदतीचा व्हिसा हा पाहुण्यासाठी आहे, निर्वासितासाठी नाही, ही रेषा पक्की झाली. परंतु अफगाण पाहुण्याकडे संभाव्य निर्वासित म्हणूनच पाहिले जाते.

तथापि अर्जदार अगदीच निराधार नाही. नकाराचे कारण ठराविक नमुन्यात लेखी कळविणे बंधनकारक आहे. त्याविरुद्ध दाद मागता येते. आणि पूर्वीचा नकार एवढ्याच कारणावरून नवा अर्ज आपोआप फेटाळता येत नाही. म्हणून पूर्वीचा नकार लपविण्यापेक्षा तो सांगून, ज्या मुद्द्यावर शंका घेतली गेली त्याचा नवा पुरावा जोडणे अधिक हिताचे ठरते. खोटा दाखला मात्र एक सापडला तरी उरलेल्या खऱ्या दाखल्यांची किंमत जाते.

हेरातच्या व्यापाऱ्यास विवाहाला पोहोचता येईल की नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणावर पूर्णतः अवलंबून नाही. प्रामाणिक माणसाच्या शब्दामागे त्याच्या राज्याची पत उभी नसेल, तर तो शब्द परक्या खिडकीपाशी एकटा पडतो. व्हिसाचे नियम अर्जदार व्यक्तीची परीक्षा घेतात असे दिसते. प्रत्यक्षात त्यांत तिच्या राज्याचीही परीक्षा होत असते, आणि अनुत्तीर्ण झाल्याचा दंड मात्र व्यक्तीला भरावा लागतो.