दाखला वेगळा, जागा वेगळी

सातपूरच्या आमच्या युनियनच्या कचेरीत प्रॉव्हिडंट फंडातून उचल मागणारे पुष्कळ येतात. कुणाचे घर असते, कुणाच्या मुलीचे लग्न. अलीकडे त्यांत एक नवे कारण आले आहे : मुलगी एम.बी.बी.एस. झाली, तिला पुढील शिक्षणासाठी अमेरिकेस जायचे आहे. असाच अर्ज घेऊन आलेल्या एका फिटरबंधूंनी आम्हांस विचारले, "भाऊ, परीक्षा पास झाली की जागा पक्की ना?" आम्ही डॉक्टर नव्हे, पण चौकशी करून जे समजले ते येथे सांगतो.

वाट जुनी आहे. आनंदीबाई जोशी 1883 साली अमेरिकेस गेल्या आणि 1886 साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या शिकल्याच तिकडे. आजची मुले इथली पदवी घेऊन जातात, आणि परका देश ती आपल्या मापाने मोजून घेतो. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता 1975 साली काढून घेतली.

अमेरिकेत रेसिडेन्सी म्हणजे रुग्णालयात पगारावर राहून वरिष्ठांच्या हाताखाली एका शाखेचे शिक्षण घेणे. इथे एम.डी. झालेल्यासही बहुधा तेथे हीच वाट पुन्हा चालावी लागते. यू.एस.एम.एल.ई.चे पहिले दोन टप्पे आणि इंग्रजी संभाषणाची परीक्षा पार केली, पदवीची पडताळणी झाली, की ई.सी.एफ.एम.जी. ही संस्था दाखला देते. पहिल्या टप्प्याचे गुण 2022 पासून कळवत नाहीत, फक्त पास किंवा नापास एवढेच. म्हणून दुसऱ्या टप्प्याच्या गुणांना अधिक वजन आले.

येथपर्यंत झाली पात्रता. जागा मिळते ती 'मॅच'मध्ये. उमेदवार मुलाखती देऊन आपल्या पसंतीची यादी देतो, रुग्णालये त्यांची देतात, संगणक जोड्या लावतो आणि मार्चमध्ये निकाल लागतो. 2025 साली परदेशी शिकलेल्या परदेशी नागरिकांपैकी शंभरात सुमारे 58 जणांस जागा मिळाली. उरलेले 42 नापास झालेले नव्हते! आणि जे-वन व्हिसावर गेलेल्यास शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी यावे लागते. डॉक्टरांची वाण असलेल्या भागात सेवा पत्करून त्यातून सूट मिळवता येते.

ब्रिटनमध्येही तोच भेद आहे. 'प्लॅब'चा पहिला भाग भारतात देता येतो, दुसऱ्यासाठी मँचेस्टरला जावे लागते. त्यानंतर नोंदणी होते. नोकरीचा अर्ज मात्र निराळा, आणि त्या रांगेत गर्दी मोठी.

आपल्या कामगारास हे समजावून सांगायला नको. आय.टी.आय.चे प्रमाणपत्र हाती आले म्हणून कायमपणाचा हुकूम कुणाच्या हाती पडला आहे काय?

म्हणून कर्ज काढण्यापूर्वी तीन गोष्टी घरात बसून बोलाव्यात. प्रत्येक टप्प्यास किती पैसा आणि किती महिने लागतील? एका वर्षी जागा न मिळाली तर मुलगी इथे काय करील? आणि जागेची हमी देणारा एजंट ती कोणत्या अधिकाराने देतो? मॅचमधील जागा विकत मिळत नाही.

फिटरबंधूंनी हे ऐकून घेतले आणि तो अर्ज परत नेला. दुसऱ्या दिवशी नवा घेऊन आले, तो फक्त पहिल्या टप्प्याच्या खर्चापुरता. मुलीने इथल्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा फॉर्मही भरला, असे ते म्हणाले.