तिकीट काढलं म्हणजे कर्ज दिलं

पैशाची पायवाट : भाग ९

उजळाईवाडीच्या विमानतळाकडे कोल्हापूरकर जरा अविश्वासाने बघतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झालेला हा विमानतळ. पण त्याची अलीकडची गोष्ट म्हणजे आलेल्या आणि गेलेल्या कंपन्यांची यादी आहे. किंगफिशरने २०११ मध्ये मुंबईची सेवा थांबवली आणि धावपट्टीवर काही वर्षं शुकशुकाट झाला. एप्रिल २०१८ मध्ये ‘उडान’ योजनेतून एअर डेक्कनचं अठरा-एकोणीस जणांचं चिमुकलं विमान आलं. त्याच्या येण्या-जाण्याचा नेम नव्हता, पुढे तेही गेलं. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेटचं एटीआर आलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या कंपनीची सगळीच विमानं जमिनीवर बसली. मुंबईला जोडणाऱ्या या तिन्ही कंपन्यांपैकी आज एकही उडत नाही.

मागच्या भागात आपण पतसंस्थेतल्या ठेवींबद्दल बोललो. त्यावर एका वाचकाने विचारलं, की विमानाचं तिकीट आगाऊ काढलंय आणि कंपनीच बंद पडली तर काय? प्रश्न वरवर वेगळा वाटतो. पण माझ्या मते हे दोन्ही एकाच घरातले प्रश्न आहेत.

आधी एक गल्लत दूर करू. ‘विमान बंद झालं’ असं आपण सरसकट म्हणतो, पण मार्ग बंद होणं वेगळं आणि कंपनी बंद होणं वेगळं. किंगफिशरने कोल्हापूर सोडलं तेव्हा कंपनी इतरत्र उडत होती. ती पूर्ण थांबली ऑक्टोबर २०१२ मध्ये. कंपनी जिवंत असेपर्यंत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, नियम तुमच्या बाजूने असतात. कंपनीने विमान रद्द केलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यातलं काय घ्यायचं ते तुम्ही सांगायचं. तिकीट एजंटकडून काढलं असलं तरी परताव्याची जबाबदारी कंपनीची, कारण एजंट हा तिचाच माणूस मानला जातो. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमानं एकामागून एक रद्द होऊन गोंधळ झाला तेव्हा सरकारने तारीख घालून दिली आणि परतावे निघाले, कारण देणारी कंपनी जागेवर होती. अशा वेळी डोकं शांत ठेवून सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार करायची, नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ फिरवायचा.

कंपनीच बसली की मात्र हाच नियम कागदावर राहतो. परतावा देण्याचा हुकूम निघतो, पण तिजोरी रिकामी असते.

आमच्या राजारामपुरीतले एक निवृत्त मास्तर आहेत. काही वर्षांपूर्वी मुलाकडे परदेशी जायला त्यांनी ओळखीच्या एजंटकडे दोन तिकिटांचे पैसे रोख मोजले. निघायला महिना असताना सकाळी बातमी आली, कंपनी थांबली. मास्तर छत्री घेऊन एजंटच्या दुकानात. एजंट म्हणाला, “मास्तर, कंपनीच ऱ्हायली न्हाई, आता मी कुणाकडं मागू?” मास्तर म्हणाले, “अरे, पण मी पैसे तुझ्या हातात दिलेत.” दोघांचंही बरोबर होतं, हीच खरी अडचण.

त्या दुकानात जे घडलं ते समजायचं तर तिकिटाकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं. तीन महिन्यांनंतरच्या प्रवासाचे पैसे आपण आज देतो. ते पैसे कुठल्या डब्यात आपल्या नावाने बाजूला ठेवलेले नसतात. कंपनी ते आजच्या इंधनात, आजच्या पगारात, विमानांच्या भाड्यात घालते. म्हणजे आपण कंपनीला तीन महिन्यांचं बिनव्याजी, बिनतारण कर्ज दिलेलं असतं. भिशीसारखंच. भिशी चालू आहे तोवर कुणी हिशेब विचारत नाही. फुटली की ज्याचा नंबर लागायचा राहिलाय तो रस्त्यावर येतो. ऊस घातलेल्या शेतकऱ्याचीही हीच गत, पण त्याला निदान चौदा दिवसांत बिल आणि उशीर झाला तर व्याज, असा कायदा आहे. तो पाळला जातो का हा स्वतंत्र विषय. विमान प्रवाशाला तेवढंही नाही.

मग हे कर्ज वसूल कसं करायचं? कंपनीच्या दारात सगळेच उभे असतात, म्हणून त्या दारात जाण्याआधी पैसा कुठल्या वाटेने गेला ते उलटं चालत बघायचं.

क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील तर सगळ्यात भक्कम वाट तीच. तुमचं कार्ड ज्या बँकेचं आहे तिथे ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून व्यवहाराला हरकत घ्यायची. बँकेच्या भाषेत चार्जबॅक. याची गंमत अशी, की पैसे तुमची बँक कंपनीकडे मागतच नाही. ती कार्डाच्या जाळ्यातून विमान कंपनीच्या बँकेकडे मागते, म्हणजे जिने कंपनीला कार्डाने पैसे घेण्याची सोय करून दिली तिच्याकडे. कंपनी देऊ शकली नाही तर तो बोजा त्या बँकेवर येतो. म्हणून तर कंपनी डळमळीत झाल्याचा सुगावा लागला, की या बँका तिकिटांचे पैसे तिला लगेच न देता अडवून धरतात. त्याने कंपनीची तंगी आणखी वाढते, पण तो तिचा प्रश्न.

हरकतीची मुदत साधारण १२० दिवस असते, आणि ती तिकीट काढल्यापासून नव्हे तर सेवा मिळायची होती त्या तारखेच्या आसपास मोजली जाते. बँकेगणिक तपशील बदलतो, तेव्हा बातमी आली त्याच आठवड्यात अर्ज टाकावा. सोबत तिकीट, पैसे भरल्याची पावती आणि कंपनीने उड्डाणं थांबवल्याची घोषणा जोडावी. तिकीट हप्त्यांवर घेतलं असेल तर रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. वाद चालू राहील, पण कार्डाचा इतिहास खराब होईल. डेबिट कार्डावरही अशी हरकत घेता येते. रोखीने थेट काउंटरवर दिलेल्या पैशांना मात्र अशी मागची वाट नसते.

इथे एक सापळा आहे आणि त्यात शहाणी माणसंही अडकतात. डळमळीत कंपनी परताव्याऐवजी ‘क्रेडिट शेल’ देऊ करते : पैसे आमच्याकडेच राहू द्या, वर्षभरात कधीही उडा. डीजीसीएच्या नियमानुसार ते घ्यायचं की नाही हे प्रवाशाने ठरवायचं. कंपनी ते परस्पर माथी मारू शकत नाही. जिच्या पगाराच्या बातम्या पेपरात येतायत तिला कर्जाची मुदत वाढवून देऊ नका. पेपरात अशा बातम्या आधी येतातच. मार्च २०१२ मध्ये विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटाने एजंटांना किंगफिशरची तिकिटं विकणं थांबवायला सांगितलं, तेव्हा कंपनी पूर्ण बंद व्हायला अजून सहा-सात महिने होते.

तिकिटाचा क्रमांकही बघा. आंतरराष्ट्रीय तिकिटाच्या तेरा आकड्यांतले पहिले तीन ते तिकीट कुठल्या कंपनीने दिलं ते सांगतात. एअर इंडियाचे ०९८, जेट एअरवेजचे ५८९ होते. विमान बुडालेल्या कंपनीचं पण तिकीट दुसऱ्या, जिवंत कंपनीने दिलेलं असेल, तर तुम्हाला पोचवण्याची किंवा पैसे परत देण्याची मागणी त्या कंपनीकडे करता येते. भागीदारीतल्या तिकिटांत असं होतं. कोल्हापूरकराचं मात्र उलट होतं. उजळाईवाडी ते मुंबई एका कंपनीचं तिकीट, पुढचं दुसऱ्या कंपनीचं, दोन्ही वेगळी काढलेली. पुढची कंपनी बुडाली तर आधीचं तिकीटही वाया जातं आणि त्याला कुणी जबाबदार नसतं, कारण कोल्हापूरचं विमान तर वेळेवर सुटणार असतं.

या सगळ्या वाटा बंद असतील तर उरतं न्यायाधिकरण. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनंतरचं चित्र असं : जेट १७ एप्रिल २०१९ च्या रात्री थांबलं, २० जूनला मुंबईच्या कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला. गो फर्स्टची विमानं ३ मे २०२३ ला थांबली आणि १० मे रोजी अर्ज मंजूर झाला. त्या क्षणी स्थगिती लागते. कंपनीवर नवा दावा नाही, जुना पुढे सरकत नाही, ग्राहक आयोगातही नाही. जेटच्या वेळी मधे दोन महिने मिळाले होते, गो फर्स्टच्या वेळी आठवडाच. पण ही स्थगिती कंपनीपुरती असते. तुमची बँक किंवा तिकीट विकणारं पोर्टल तिच्या आडोशाला उभं राहू शकत नाही. पोर्टलने आपल्या कामात कसूर केली असेल तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात, राहत्या ठिकाणी, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही.

कंपनीकडचा दावा न्यायाधिकरणाने नेमलेल्या व्यावसायिकाकडे भरायचा. वृत्तपत्रात जाहीर सूचना येते, त्यात शेवटची तारीख असते. मुदत दोन आठवड्यांची. बँका आणि माल पुरवणारे यांचे नमुने वेगळे, आगाऊ पैसे देऊन बसलेल्या प्रवाशाने बहुधा ‘फॉर्म एफ’ भरायचा. पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. भरावाच, पण आशा किती ठेवायची तेही सांगतो. कंपनी मोडीत निघाली की आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारण घेतलेल्या बँका, मग इतर कर्मचारी, मग बिनतारण वित्तीय कर्जं, मग सरकार. त्यानंतर ‘उरलेली देणी’ नावाची ओळ येते. आपण त्या ओळीत, भागधारकांच्या एक पाऊल पुढे. गो फर्स्ट जानेवारी २०२५ मध्ये मोडीत काढण्याचा आदेश झाला, जेटबद्दल तोच आदेश ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने दिला. विमान थांबल्यानंतर साडेपाच वर्षांनी.

ब्रिटनमध्ये पॅकेज सहलींसाठी ‘ॲटॉल’ नावाची सोय आहे : माणशी अडीच पौंड एका निधीत जातात. सप्टेंबर २०१९ मध्ये थॉमस कुक ही सहल कंपनी बुडाली तेव्हा तिथल्या विमान प्राधिकरणाने सुमारे दीड लाख लोकांना घरी आणलं. आपल्याकडे बँकेतल्या ठेवीला पाच लाखांचं विमा संरक्षण आहे, तिकिटाला काही नाही. विकासशुल्क, सुरक्षाशुल्क, सोयीचं शुल्क असं काय काय आपण भरतोच. त्यात पन्नास रुपये या कामासाठी घेतले असते तर कुणी कुरकुरलं नसतं. प्रवास विम्याचं म्हणाल, तर बऱ्याच पॉलिसींत विमान कंपनीचं दिवाळं हे वगळलेल्या कारणांत बसतं. त्या बारीक अक्षरांचं पुढच्या आठवड्यात बघू.

मास्तरांचं काय झालं? रोख दिल्यामुळे ते हताश होते. मी एजंटला विचारलं, तू कंपनीला पैसे कसे भरलेस? तो म्हणाला, “माझ्या क्रेडिट कार्डानं. पॉइंट मिळत्यात न्हवं.” त्याच संध्याकाळी त्याच्या बँकेकडे हरकत गेली. मास्तर महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला गेले, तिथून दुसऱ्या कंपनीचं महागडं तिकीट काढून मुलाकडे. परत आले तेव्हा एजंटच्या कार्डावर पैसे जमा झाले होते. त्याने ते मोजून दिले, सर्व्हिस चार्ज कापून.