बाप्तिस्म्यानंतरच्या रमाबाई

पंडिता रमाबाईंवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. त्यातले बरेचसे 29 सप्टेंबर 1883 या एका तारखेभोवती फिरते. त्या दिवशी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी आपली छोटी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला आणि इकडे पुण्यात वादळ उठले. त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. त्याआधी लंडनच्या फुलम भागात त्यांनी एक आश्रयगृह पाहिले होते. समाजाने पतित ठरवून टाकलेल्या स्त्रियांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी मायेने सांभाळत. असे काम रमाबाईंनी तोवर कुठे पाहिले नव्हते. हे कशाच्या बळावर चालते, हा प्रश्न त्यांना पडला आणि उत्तरादाखल त्यांच्यासमोर आली ती योहानाच्या शुभवर्तमानातली येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा. आधी सेवा दिसली, मग ख्रिस्त.

तरीही श्रद्धा एकदम पक्की झाली नाही. त्रैक्याच्या सिद्धांतावरून त्या वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने लिहिले, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला उमगले: हाती लागला होता तो ख्रिस्ती धर्म, ख्रिस्त नव्हे. ही आठ वर्षे रिकामी नव्हती. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी त्यांचे शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. विधवा मुलींना शिकवणे, त्यांची आजारपणे काढणे यातच दिवस जात. 1893 मध्ये मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून पालक संतापले आणि रानडे, भांडारकर हे सुधारक सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांचा संताप मला समजतो. रमाबाईंनी दार लावून एकटीने प्रार्थना करावी, ही अपेक्षा मात्र पटत नाही.

खरी कसोटी दुष्काळाने घेतली. तरुणपणी आई, वडील आणि बहीण त्यांनी उपासमारीतच गमावली होती. 1896च्या अखेरीस मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या आल्या, तेव्हा भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होते. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून पुण्याजवळच्या केडगावच्या शेतावर त्यांची सोय केली. तोच मुक्ती आश्रम. 1900च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात पोचली. इतक्यांच्या पोटाला रोज घालायचे, तर उद्याचे धान्य देवाकडेच मागावे लागते. रमाबाईंची प्रार्थना मला या स्वयंपाकघराशी जोडलेली दिसते. शेती, विणकाम, छापखाना, अंध स्त्रियांसाठी ब्रेल. जशी गरज दिसली तसे काम वाढले.

शेवटची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात गेली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतची ही पंडिता अडाणी बाईलाही कळेल असे मराठी शोधत होती, कारण वाचणाऱ्या बाया रोज समोर होत्या. 1921 मध्ये मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. मुक्तीतल्या स्त्रियांच्या श्रमाने छापलेले ते बायबल 1924 मध्ये बाहेर आले. रमाबाईंच्या धर्मांतरावर मत बनवणाऱ्यांनी एकदा केडगावची ही वर्षेही वाचावीत.