घाटावरची पानगळ

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. नकाशात तसं लिहिलेलं नसतं, पण एसटी स्टँडवर, कचेरीत, सोयरीक जुळवताना हीच भाषा चालते. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, चिखली, बुलढाणा हे घाटावरचे; मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे. या दोहोंच्या मधे अजिंठ्याच्या डोंगररांगेची उतरण आहे. दिवाळीपासून गुढीपाडव्याच्या पुढपर्यंत त्या उतरणीवर पानांच्या रंगांचा फेरा चालतो. देऊळगाव राजात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो यांवर घर चालतं. लग्नतिथी नसलेली सकाळ मी डोंगराला देतो.

दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत गावातलं कोणी ना कोणी काश्मीरला जाऊन येतं आणि श्रीनगरच्या नसीम बागेतल्या चिनारांचे फोटो मोबाइलवर दाखवतं. फोटो सुंदरच असतात. मग एक वाक्य हमखास येतं, ‘आपल्याकडं असं काही नाही ना.’ मला ते लागतं, कारण आपल्याकडं आहे. फक्त ते दिवाळीच्या सुट्टीत बसत नाही आणि एका फोटोत मावत नाही.

काश्मीर, जपान किंवा अमेरिकेचा ईशान्य भाग इथं पानांना रंग आणतात ती थंडी आणि आखडत जाणारे दिवस. थंडी सगळ्या डोंगराला जवळपास एकाच वेळी गाठते, म्हणून तिथं दोन-तीन आठवड्यांत अख्खी दरी पेटल्यासारखी दिसते. आपल्या कोरड्या पानझडी जंगलात झाडाला घाई करते ती जमिनीतली ओल. ती प्रत्येक उतारावर, प्रत्येक नाल्यात वेगळ्या दिवशी संपते. त्यामुळे आपल्या डोंगराचा रंग पाहायचा तर आधी पाणी कुठं आहे ते पाहावं लागतं. हे मला राजूर घाटाच्या पायथ्याला शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी शिकवलं. मी एकाच जातीची दोन झाडं पाहत होतो, एक पिवळं, एक हिरवंगार. ते म्हणाले, “भाऊ, झाडाकडं नका पाहू, त्याच्या पायाखाली काय हाय ते पाहा. मुरूम असला तं पान पौषातच जातं. माती असली तं होळी पाहून जातं.” कॅमेऱ्यावरच्या कुठल्याही पुस्तकानं मला याहून उपयोगी काही सांगितलेलं नाही.

आश्विनात आमच्या बालाजीची यात्रा भरते तेव्हा डोंगर अजून हिरवा असतो. ती उलगली की आधी गवत फिरतं. उघड्या माळांवर कुसळीचं गवत कार्तिकात सोनेरी होतं आणि मार्गशीर्षात त्यावर तांबूस झाक चढते. ही झाक डोळ्यांना सकाळी आणि संध्याकाळी तासभरच दिसते. ऊन तिरपं असताना कुसळांच्या टोकांतून ते आरपार येतं. उन्हाच्या दिशेला तोंड करून, लेन्सवर हाताची सावली धरून फोटो घ्या. ऊन पाठीमागे ठेवलंत तर तेच गवत फिकट, मळकं येईल. पायमोजे मात्र जाड घाला, कुसळ कापडातून आत शिरतं.

गवतानंतर झाडं. सागाचं पान मोठं, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे जातं. पण सागात खरा रंग कमी, तो हिरव्याचा मळकट पिवळा आणि मग तपकिरी होतो. त्याची गंमत वेगळीच आहे. पावसाळ्यात एक बारीक अळी सागाच्या पानातला मऊ भाग खाऊन टाकते आणि नुसती शिरांची जाळी ठेवते. असं जाळीदार पान हिवाळ्यात उन्हासमोर धरलं की प्रत्येक शीर वेगळी दिसते. मुलांना फोटोग्राफी शिकवायची तर मी हेच पान हातात देतो.

लाल हवा असेल तर धावडा शोधा. याचाच डिंक आपण थंडीत लाडवांत घालतो. धावड्याची लहान पानं गळण्याआधी तांब्यासारखी लालसर होतात. मोईन पिवळी होऊन लवकर उघडी पडते. सालई खडकाळ उतारावर उभी असते; तिची पानं पिवळी होऊन झडली की कागदासारखी सुटणारी साल दिसू लागते, आणि मला ती साल पानांइतकीच आवडते.

हे रंग येतात कुठून, हे समजून घेतलं की फोटोची वेळ साधते. पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे. ते बनवायला नत्र लागतं, आणि नत्र झाडाला महाग असतं. ओल संपत आली की पान सोडून देण्याआधी झाड हरितद्रव्य मोडतं आणि पानातलं नत्र आणि इतर कामाची द्रव्यं फांदीत ओढून घेतं. हिरवा पडदा गेला की पानात आधीपासून असलेले पिवळे-नारिंगी रंगकण उघडे पडतात. गाजराला रंग देणारे तेच हे, कॅरोटिनॉइड. लाल रंगाचं तसं नाही. तो, म्हणजे अँथोसायनिन, पानात शेवटच्या दिवसांत नव्यानं तयार होतो, आणि त्याला पानात उरलेली साखर आणि लख्ख ऊन लागतं. थंड रात्री त्याला मदत करतात. म्हणून धावड्याचा लाल पाहायचा तर स्वच्छ ऊन आणि कडाक्याच्या रात्री असलेला पौष-माघ गाठा. ढगाळ हवेत तो फिका पडतो. शेवटी देठाच्या बुडाशी पेशींचा एक कमकुवत थर तयार होतो आणि पान तिथून सुटतं. फांदीवर राहिलेला तो छोटा व्रण भिंगातून पाहण्याजोगा असतो.

डोंगरातल्या उजेडाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं आपल्या घाटाची खास देणगी आहे. आमची ही उतरण मोठ्या प्रमाणात उत्तरेकडे, पूर्णेच्या खोऱ्याकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा तो आमच्या अक्षांशावर क्षितिजापासून साधारण ४६ अंशांवरच असतो. म्हणजे घाटाखालून वर पाहिलं तर ऊन दिवसाचा बराच वेळ पानांच्या मागून येतं. पान दिव्याच्या काचेसारखं आतून उजळतं, शिरा दिसतात, पिवळा पिवळाच राहतो. घाटावरून खाली पाहिलं तर ऊन आपल्या पाठीमागून येतं आणि सगळी दरी सपाट, धुरकट दिसते. पर्यटक वरच्या कठड्यावर थांबतात, फोटो काढतात आणि ‘काही विशेष नाही’ म्हणून पुढे जातात. अर्धा घाट उतरा, गाडी सुरक्षित जागी लावा आणि मान वर करा.

कॅमेऱ्यातल्या गोष्टी थोडक्यात. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. तो पिवळ्या-लाल रंगाला दोष समजून धुऊन काढतो. ‘डेलाइट’ किंवा ‘क्लाउडी’ ठेवा. लाल पान घेताना प्रकाश थोडा कमी करा, कारण लाल रंग इतरांच्या आधी भरून वाहतो आणि मग पानाचा पोत जाऊन नुसता डाग उरतो. मोबाइलवर पानावर बोट दाबून धरा, फोकस पक्का झाला की उजेड थोडा खाली ओढा. पोलरायझर फिल्टर असेल तर तो पानांवरची पांढरी चमक काढतो.  आणि आकाश शक्यतो चौकटीबाहेर ठेवा. फेब्रुवारीनंतर आपल्याकडचं आकाश धुळीनं पांढुरकं होतं, ते रंग खाऊन टाकतं. मागे काळा बसाल्ट आला तर त्याहून चांगली पार्श्वभूमी मिळणार नाही.

पाण्याची आणि रंगाची ही सांगड एका नजरेत पाहायची तर माघात लोणारला जा. उल्केच्या आघातानं झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. काठावर उभं राहिलं की आतला सगळा उतार समोर पसरतो. वरच्या खडकाळ भागात झाडं राखाडी-तपकिरी झालेली असतात. जिथं बारमाही झरा खाली उतरतो, त्या धारेच्या वाटेवर हिरव्याचा एक पट्टा तसाच राहिलेला असतो. तिथं मी लांब पल्ल्याची लेन्स लावतो आणि अख्खं विवर घेत नाही. हिरवा आणि उघडा भाग जिथं भेटतो ती सीमारेषाच घेतो. तळ्याचं पाणी २०२० मध्ये गुलाबी झालं तेव्हा देशभर त्याचे फोटो गेले. उतारावरची ही रेषा मात्र दर वर्षी उमटते.

बुलढाण्याहून खामगावच्या रस्त्यावर बोथ्याकडे गेलं की ज्ञानगंगा अभयारण्य लागतं. सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं हे जंगल १९९७ मध्ये अभयारण्य झालं. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक तरुण वाघ महाराष्ट्र-तेलंगणातून १,३०० किलोमीटरांहून जास्त चालून इथं पोचला, त्यामुळे हे नाव सगळ्यांना कळलं. इथं अंजनाची झाडं आहेत, लोखंडासारख्या जड लाकडाची, खडकातून उगवलेली. फाल्गुनात ही झाडं उघडी होतात. या काळात जंगलात नियम पाळणं फार गरजेचं आहे. सुकलेल्या पानांचा थर गुडघ्याला लागेल इतका साचतो, आणि एक काडी किंवा बिडीचं थोटूक सगळा उतार जाळतं. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखाली लावलेली आगही पसरते. वनविभागाची माणसं जाळरेषा साफ करत उन्हात राबत असतात. ठरलेल्या वाटेनं, परवानगी काढूनच जा, आणि फोटोसाठी पानं पेटवून धूर करण्याची हौस कोणी दाखवली तर त्याला तिथंच थांबवा.

पानं झडली की लोक डोंगराकडे पाठ फिरवतात. पळस फुलतो तेवढ्यापुरते येतात, मग उन्हाच्या भीतीनं घरी बसतात. माझ्या मते आपल्या डोंगराचा सगळ्यात सुंदर रंग त्यानंतर येतो. आपल्याकडचा उत्तम लाल रंग जन्मणाऱ्या पानाचा आहे. चैत्राच्या सुमारास अंजनाला लालसर कोवळी पालवी फुटते. मोहाची पानं तांबूस येतात, पिंपळाची गुलाबी-तांबडी, तेंदूची तांब्याच्या झाकेची. आणि सातपुड्यात, मेळघाटच्या नाल्यांकाठी कुसुंब असतो. त्याची पालवी इतकी गडद किरमिजी येते की दुरून ती फुलंच वाटतात. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरतं तयार झालेलं नसतं आणि ऊन तर कडक. अशा वेळी अँथोसायनिन त्याला उन्हापासून सांभाळतं. दहा-पंधरा दिवसांत लाल ओसरतो, हिरवा चढतो.

पण पाऊस नाही, जमीन भेगाळलेली, मग पालवीला पाणी कुठलं? विहिरी आटलेल्या भागात वाढलेल्या मला हा प्रश्न नेहमी पडायचा. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे रॉल्फ बोर्कर्ट यांनी कोस्टा रिकाच्या कोरड्या जंगलावर १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचं उत्तर मिळतं. जुनी पानं गळली की झाडातून उडून जाणारं पाणी थांबतं. मुळं खोलवरची उरलीसुरली ओल ओढत राहतात, खोड आणि फांद्या पुन्हा पाण्यानं भरतात, आणि त्या साठ्यावर झाड पावसाआधीच कळ्या आणि पालवी काढू शकतं. म्हणजे पान टाकून झाड नव्या पानासाठी पाणी जमवतं. हे वाचल्यापासून उघड्या अंजनाकडे पाहण्याची माझी नजर बदलली. आता मी त्याचेही फोटो घेतो, नुसत्या फांद्यांचे.

चैत्रात सूर्योदय साडेसहाच्या आगेमागे होतो आणि दुपारी सूर्य क्षितिजापासून ७० अंशांच्या वर चढतो. त्यामुळे पालवीसाठी वेळ सकाळी साडेसहा ते आठ एवढीच. वारा पडलेला असतो, पातळ पान हलत नाही. नऊला परत फिरा, पाणी भरपूर न्या.

डोंगर गाठणं जमत नसेल तर गावातच शाळेच्या किंवा कचेरीच्या आवारातला देशी बदाम पाहा. जानेवारी-फेब्रुवारीत त्याची मोठी पानं एकाच फांदीवर हिरवी, पिवळी, शेंदरी आणि लाल दिसतात. चिनाराला शोभेल असा रंग आपल्या डोक्यावर असतो आणि आपण त्याच्या सावलीत स्कूटर लावून निघून जातो.

एक काम मात्र प्रत्येक हौशी फोटोग्राफरनं करावं असं मला मनापासून वाटतं. एकच झाड निवडा, उभं राहण्याची जागा ठरवा आणि दर पंधरवड्याला तिथूनच, त्याच लेन्सनं फोटो घ्या. फोटोवर तारीख टाका, त्या वर्षीचा पाऊस कसा होता तेही लिहून ठेवा. देशात ‘सीझनवॉच’ नावाचा उपक्रम आहे. त्यात सामान्य लोक आपल्या आसपासच्या झाडांची पानगळ, पालवी, फुलं-फळं यांची नोंद करतात. शाळांनाही त्यात भाग घेता येतो. पाऊसमान बदलतं आहे, आणि ते बदलतं म्हणजे आमच्या घाटावर नेमकं काय होतं, हे सांगायला अशा नोंदी हव्यात. मी राजूर घाटातला एक धावडा आणि बोथ्याच्या रस्त्यालगतचा एक अंजन धरला आहे. माझ्या स्टुडिओत त्यांचे फोटो तारीखवार लावलेले आहेत. देऊळगाव राजाला बालाजीच्या दर्शनाला आलात तर पाहायला या, आणि येताना तुमच्या झाडाचे फोटो घेऊन या.