पेप्टाइड लायब्ररी म्हणजे काय? कोट्यवधी रेणूंमधून कामाचा एक कसा शोधतात?



गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाने व्हॉट्सॲपवर एक रील पाठवली. जिममधला एक मुलगा हातात छोटी बाटली धरून सांगत होता, "हे पेप्टाइड घ्या, दुखापत झटपट भरते." खाली भावाचा मेसेज: "ताई, तू लॅबमध्ये यावरच काम केलंयस ना? मागवू का?"

मी लगेच "नको" लिहिलं. पण नुसत्या "नको"ने ऐकेल तो भाऊ कसला! म्हणून एक पेप्टाइड शोधायला किती खटाटोप लागतो, ते त्याला नीट समजावलं. तेच आज तुमच्यासाठी लिहितेय.

पेप्टाइड म्हणजे काय?

आपल्या शरीरातली प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या लांब माळा. माळेत मुख्यतः २० प्रकारचे मणी असतात. माळ छोटी असली, साधारण ५० मण्यांच्या आतली, की तिला पेप्टाइड म्हणतात. बाळंतपणात कळा येण्यासाठी दिलं जाणारं ऑक्सिटोसिन हे फक्त ९ मण्यांचं पेप्टाइड आहे.

मग लायब्ररी कशाला?

फोनचा ६ आकडी पिन आठवा. १० आकडे, ६ जागा, म्हणजे १० लाख शक्यता. पेप्टाइडमध्ये आकडे १० नाहीत, २० आहेत. त्यामुळे ६ मण्यांच्या पेप्टाइडच्या ६ कोटी ४० लाख शक्यता होतात आणि ७ मण्यांच्या १२८ कोटी! यातलं कोणतं पेप्टाइड आपल्या हव्या त्या प्रथिनाला चिकटेल, हे एकेक बनवून तपासायचं तर आयुष्य पुरणार नाही. म्हणून खूप वेगवेगळी पेप्टाइड एकत्र बनवून एकदमच तपासतात. या संग्रहालाच पेप्टाइड लायब्ररी म्हणतात.

ती बनवतात कशी?

पहिली पद्धत रसायनशास्त्राची. १९६३ मध्ये ब्रूस मेरिफिल्ड यांनी प्लॅस्टिकसारख्या बारीक दाण्यांवर एकेक अमिनो आम्ल जोडत पेप्टाइड बनवायची रीत दाखवली. त्यासाठी त्यांना १९८४ चं नोबेल मिळालं. पुढे हंगेरीच्या आर्पाड फुर्का यांनी त्यात एक झकास युक्ती काढली. दाण्यांचे २० वाटे करा, प्रत्येक वाट्याला वेगळं अमिनो आम्ल जोडा, सगळे दाणे एकत्र मिसळा आणि पुन्हा २० वाटे करा. असं ५ वेळा केलं की जोडण्या होतात फक्त १००, पण पेप्टाइड तयार होतात ३२ लाख प्रकारची. आणि एका दाण्यावर एकाच प्रकारचं पेप्टाइड असतं, कारण प्रत्येक फेरीत तो दाणा एकाच वाट्यात असतो.

दुसरी पद्धत जीवशास्त्राची. जीवाणूंना संसर्ग करणाऱ्या विषाणूंना फाज म्हणतात. १९८५ मध्ये जॉर्ज स्मिथ यांनी फाजच्या डीएनएमध्ये एक तुकडा घातला आणि त्याचं पेप्टाइड फाजच्या अंगावर दिसू लागलं. म्हणजे पेप्टाइड बाहेर आणि त्याची कृती आत, अगदी पार्सलवरच्या क्यूआर कोडसारखं! २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता.

डिझाइन करताना काय बघतात?

इथेच खरं डोकं लागतं. डीएनएच्या तीन अक्षरी ६४ शब्दांपैकी ३ शब्द 'थांबा' असा आदेश देतात. तो मध्येच आला तर पेप्टाइड अर्धवट राहतं. म्हणून तिसऱ्या जागी चारपैकी दोनच अक्षरं ठेवतात. मग ३२ शब्द उरतात, २०ही अमिनो आम्लं मिळतात आणि 'थांबा' फक्त एकच राहतो.

लांबीचंही भान ठेवावं लागतं. एका फाज लायब्ररीत साधारण १०० कोटी वेगवेगळे फाज असतील असं धरा. ७ मण्यांच्या शक्यतांचा मोठा भाग त्यात येतो. पण १२ मणी घेतले, तर दर ४१ लाख शक्यतांमागे जेमतेम एक हाती लागते. लांब म्हणजे चांगलं, असं नाही!

कधी कधी मात्र शक्यता धुंडाळायच्याच नसतात. कोरोनाच्या स्पाइक प्रथिनात १२७३ अमिनो आम्लं आहेत. त्याचे १५-१५ मण्यांचे तुकडे, दर वेळी ४ मणी पुढे सरकत केले, तर सुमारे ३१५ पेप्टाइडमध्ये अख्खं प्रथिन येतं. रक्तातल्या टी-पेशी यातल्या कोणत्या तुकड्यांना ओळखतात, हे अशा लायब्ररीने तपासता येतं.

माझी फजिती

मी फाज लायब्ररी वापरत होते. काम ऐकायला सोपं आहे: प्लॅस्टिकच्या प्लेटवर आपलं प्रथिन चिकटवायचं, वर लायब्ररी ओतायची, न चिकटलेले फाज धुऊन टाकायचे, उरलेले जीवाणूंमध्ये वाढवायचे आणि हेच तीन-चार वेळा करायचं. शेवटी माझ्याकडे छान चिकटणारी पेप्टाइड आली. मी तर घरी पेढेही नेले!

मग मॅडमनी विचारलं, "रिकाम्या प्लेटवर टेस्ट केलीस?" केली नव्हती. केली, तर माझी पेप्टाइड रिकाम्या प्लेटलाही तितकीच घट्ट चिकटली. त्यांच्यात ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल भरपूर होतं आणि अशी काही पेप्टाइड प्लॅस्टिकलाच चिकटतात, हे माहीत असलेलं दुखणं आहे. दोन महिने मी प्लॅस्टिकचा गोंद शोधत होते. पुन्हा सुरुवात केली तेव्हा लायब्ररी आधी रिकाम्या प्लेटवर फिरवली, मगच प्रथिनावर.

सापडलं म्हणजे औषध झालं का?

नाही. लायब्ररी फक्त सांगते, "हे चिकटतं." पेगिनेसाटाइडचं उदाहरण घ्या. फाज लायब्ररीतून सुरू झालेल्या संशोधनातून हे औषध आलं. सगळ्या चाचण्या झाल्यावर २०१२ मध्ये अमेरिकेत डायलिसिसवरच्या रुग्णांच्या ॲनिमियासाठी त्याला मंजुरी मिळाली. पण काही रुग्णांना गंभीर ॲलर्जी झाली, काही दगावले आणि २०१३ मध्येच ते परत मागवावं लागलं.

चाचण्यांमधून पार झालेल्या औषधाची ही गत, तर रीलमधल्या बाटलीची हमी कोण देणार? अशा बाटल्यांवर बऱ्याचदा बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: 'फक्त संशोधनासाठी'. त्याचा अर्थ ते प्लेटवर ओतायचं आहे, अंगात टोचायचं नाही.

भावाला एवढं सांगितल्यावर त्याने विचारलं, "मग खांद्याचं काय करू?" मी म्हटलं, "आठवडाभर वजन उचलू नकोस आणि उद्या डॉक्टरला दाखव." तो गेला. तुम्हालाही कुणी अशी बाटली सुचवली, तर आधी एवढंच विचारा: रिकाम्या प्लेटवर टेस्ट केली का?